आंदणाची बादली

लटारूचं लग्न एका थापेवर जमलं होतं, आणि पळसटोल्यात ही गोष्ट लोक हसत हसत सांगत. सोयरीक जमवणारा वारलू मोठा लुच्चा माणूस. त्यानं मुलीच्या बापाला भल्या सकाळी आखरावर नेऊन उभं केलं. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जंगलात चरायला जाण्याआधी गावची सगळी गुरं तिथं गोळा होतात. सव्वाशे जनावरं, आणि त्यांच्या मधोमध काठीवर हनुवटी टेकून लटारू उभा. "पाहून घ्या," वारलू म्हणाला, "हे लटारूचं गोहन." बाप अहेरीकडचा, लाकूडतोडीच्या डेपोवर राबणारा साधा माणूस. एवढ्या शेपट्या एका जागी पाहून त्याचे डोळे दिपले आणि त्यानं पोरगी देऊन टाकली.

लटारू गावचा गायकी होता. लोकांची गुरं चारायची हे त्याचं काम. संध्याकाळी गोहन, म्हणजे गावचा कळप, परतलं की एकेक जनावर आपापल्या मालकाच्या कोठ्यात शिरे आणि लटारू रिकाम्या हातानं आपल्या झोपडीकडे वळे. झोपडीच्या दारात एक खुंटा होता, त्याच्या बापानं मोठ्या हौसेनं ठोकलेला. बाप गेला, खुंटा राहिला. त्याला कधी काही बांधलं गेलं नाही.

कमळा, म्हणजे त्याची बायको, पहिलं वर्षभर या फसवणुकीवर स्वतःच हसायची म्हणतात. "माह्या नवऱ्याची सव्वाशे जनावरं हायेत, फक्त ते झोपाले दुसऱ्याच्या घरी जाते," असं विहिरीवर सांगायची. मग हसू आटलं. दारावरून रोज एवढ्या गायी जायच्या आणि तिला वाटीभर ताक मागायला चार घरं हिंडावी लागायची. एका उन्हाळ्यात ती बापाबरोबर माहेरी गेली. जाताना म्हणाली, "खुंट्याले आपलं जनावर बांधा, मंग मले न्याले या."

पण बादली ठेवून गेली. पत्र्याची, कडीची, अहेरीच्या बाजारातून बापानं आंदणात दिलेली. आमच्याकडे रीत अशी, की बाई रुसून माहेरी गेली तरी तिच्या आंदणाची भांडी सासरी आहेत तोवर संसार उभा आहे. भांडी परत गेली की मोडला. त्याला कागद लागत नाही आणि पंचही लागत नाहीत. त्यामुळे गावातल्या बायका लटारूच्या झोपडीवरून जाताना आधी आढ्याला टांगलेल्या बादलीकडे बघत. लटारू ती राखेनं घासून ठेवी, तिच्यात स्वतः पाणीही भरत नसे.

मी पळसटोल्यात सून म्हणून आले तेव्हा कमळाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तिला कधी पाहिलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात आहे.

ज्या सालच्या दिवाळीला आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सालच्या फाल्गुनातली गोष्ट. आमची तांबडी गाय व्याली आणि चौथ्या दिवशी पोट फुगून मेली. मागं कालवड राहिली, मोहाच्या बीसारखी काळपट तांबूस, चकचकीत. त्या बीला आम्ही टोरी म्हणतो, म्हणून कालवडीचंही नाव टोरी पडलं. तीन दिवस आईचा चीक पोटात गेला होता एवढीच तिची कमाई. माझे सासरे मुखरूभाऊ तिच्याकडे बघून म्हणाले, "हे काई जगत नाई." तेवढ्यात गोहन सोडायला लटारू दारात आला. सासऱ्यांनी वासराकडे बोट केलं. "घे लटारू. जगली तं तुयी."

लटारूनं डोक्याचा शेला सोडला, वासराभोवती गुंडाळला आणि ते छातीशी धरून चालू लागला. त्या दिवशी गावची गुरं तासभर आखरावरच उभी राहिली आणि लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

दुधाची सोय त्याच्याकडे होती. आमच्या गावात प्रत्येक घरचं आठव्या दिवसाचं दूध गायक्याचं असे. एक दिवस या घरचं, दुसऱ्या दिवशी त्या घरचं, असा फेरा चालायचा. आजवर लटारू ते दूध पिऊन टाकी नाहीतर दुसऱ्याला देऊन त्यावर तांदूळ घेई. आता थेंबही घशाखाली जाईना. बादली आढ्यावरून खाली उतरली.

आमच्या घरची पाळी होती तेव्हा दूध घेऊन मीच गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. टोरीला बादलीत तोंड घालायचं कळेना. ती मान वर करून हवेत आचळ शोधत होती. लटारूनं दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात दिली. ती चोखायला लागली. मग हात हळूहळू खाली नेत नेत बोटं दुधात बुडवली. तिच्या नाकात दूध गेलं, ती फुरफुरली, लटारूच्या तोंडावर सगळं उडालं. पुन्हा बोटं. पुन्हा फुरफूर. चौथ्यांदा तिला समजलं, आणि शेपटी जी हलायला लागली ती बादली रिकामी होईपर्यंत थांबली नाही.

"पी माय, पी," लटारू म्हणत होता. "तुया मायची बादली हाये. ते येऊन पाह्यन तं तुले वळखन."

मेलेल्या गाईची बादली कुठली? मग माझ्या लक्षात आलं की तो कमळाबद्दल बोलतो आहे. मी नवी नवरी, मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावून घरी आले आणि सासूबाईंना नक्कल करून दाखवली.

पुढच्या तीन महिन्यांत लटारू पार बदलला. एरवी शब्दाला महाग माणूस, आता ज्याला त्याला टोरीच्या शेणाचं वर्णन ऐकवायचा. हगवण लागली तेव्हा दूध अर्धं करून तांदळाची पेज पाजली, बेलफळाचा गर चाटवला, आणि शेण घट्ट झालं त्या दिवशी आमच्या दारात येऊन असं सांगितलं जसं काही घरी पुत्र झाला आहे. दूध कोमट असल्याशिवाय पाजायचा नाही. पाजायची वेळ झाली की बादलीच्या कडेवर बोटाच्या पेरांनी टण टण वाजवायचा आणि टोरी असेल तिथून उधळत यायची. रात्री ती त्या खुंट्याला बांधलेली असे. तिच्यासाठी त्यानं अंबाडीचं बारकं दावं वळलं होतं, आणि कमळानं मागं टाकलेल्या निळ्या लुगड्याची एक चिंधी त्याच्या पिळात घातली होती. लोक चिडवत, "लटारू, वासराले लुगडं काऊन नेसवतं?" तो लाजून हसायचा.

खरं तर त्यानं तेव्हाच अहेरीला जायला हवं होतं. मी एकदा म्हटलंही. तो म्हणाला, "इतक्यात नाई बाई. दुधावरचं वासरू म्हणजे काई जनावर नाई. आज हाये, उद्या नाई. चारा खाऊन राह्यली, गोहनात गेली, म्हणजे मंग सांगता येते, जनावर हाये म्हणून." दोन वर्षं थांबलेला माणूस, अजून एक पावसाळा थांबायला तयार होता.

जेठात दूध तोडायची वेळ आली. लटारूनं रीतसर केलं. आधी दुधात पेज, मग पेजेत दूध, मग नुसती पेज, सोबत कोवळं गवत आणि जवसाची ढेप. टोरी गवत खाई, ढेपही खाई. पण बादली सोडीना. तिला दूध नको असलं तरी बादली हवी होती. रिकामी दिली तरी तळ चाटत बसे.

गाईचं वासरू तोडायचं असलं की त्याच्या तोंडाला काट्यांचं मुसकं बांधतात. ते आईला लुचायला गेलं की काटे टोचतात आणि आईच लाथ घालते. चार दिवसांत वासरू शिकतं. लटारूनंही बिचाऱ्यानं मुसकं बांधून पाहिलं. टोरी बादलीला ढुशी देई, काटे पत्र्यावर करकरत, आणि पुढं काहीच होत नसे. सासरे पोट धरून हसले. "अबे लटारू, बादली काई लाथ मारत नाई!"

हसण्यासारखं होतं, पण त्यात जिवाची भीतीही होती. टोरीला गोहनात घेऊन लटारू जंगलात जाऊ लागला, आणि दुपारी पाजायची वेळ झाली की ती कळपातून फुटून एकटीच घराकडे निघे. दीड कोसाची वाट, मध्ये बांबूचं दाट बन. त्याच उन्हाळ्यात त्या बनातून वाघानं दोन गोऱ्हे नेले होते. एकदा ती सुखरूप घरी पोचली. दुसऱ्यांदाही पोचली. तिसऱ्यांदा पोचेल असं कोणी म्हणेना. लटारू सव्वाशे जनावरं टाकून तिच्यामागं पळू शकत नव्हता. बादली लपवून पाहिली. पण वास काढत टोरी ती शोधून काढी, आणि गावात बादलीचा आवाज तरी कुठं लपतो? विहिरीवर कोणाची कडी वाजली की टोरी तिकडे.

आणि तिथंच मी आले. एका दुपारी मी विहिरीवर पाणी काढत होते. माझ्या बादलीची कडी वाजली आणि बनातून घरी आलेली ही कालवड मागून धावत येऊन मला धडकली. मी दगडावर गुडघ्यावर पडले, रक्त निघालं, काठावरचा पाण्याचा पितळी गुंड खाली पडून चेपला. गुंड सासूबाईंच्या माहेरचा. घरी जे बोलणं खाल्लं ते लिहीत नाही. संध्याकाळी लटारू माफी मागायला आला तर मी त्याच्यावरच फणकारले. "लटारूभाऊ, तुमची लाडाची लेक एक दिवस कोणाले विहिरीत ढकलन! ते बादली पयले गावाबाहेर घाला. जोवर ते गावात हाये, तोवर हे सुधरत नाई."

"गावाबाहेर कुठी घालू बाई?" तो म्हणाला. "जवळच्या गावात ठेवली तं वास काढत तिथी जाईन ते."

मग तो खूप वेळ उकिडवा बसून राहिला. उठला तेव्हा चेहरा उजळला होता. "अहेरीले पाठवतो," म्हणाला. "कमळाकडं. तिची बादली तिले पाठवतो, म्हणजे ते येताना घेऊन येईन."

त्याची कल्पना अशी. टोरीचं बारकं दावं आता तिच्या गळ्याला होत नव्हतं. ते बादलीत ठेवायचं. निळी चिंधी कमळा ओळखेल. दाव्यावरून समजेल की खुंट्याला जनावर बांधलं, आणि ते एवढं मोठं झालं की पहिलं दावं पुरेना. रीत आम्हा दोघांनाही ठाऊक होती. आंदणाचं भांडं परत गेलं की त्याचा अर्थ काय होतो, हे पळसटोल्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण दावं सोबत आहे म्हटल्यावर त्याला ती भीती वाटली नाही. मी तर तेव्हा गुडघ्याच्या पलीकडे कसलाच विचार करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बादली घेऊन दारात उभा राहिला. "बाई, तुमी शिकलेल्या हा. दोन अक्षरं लिहून देता काय? कमळाले."

मी चौथी पास. गावात लिहिता येणारी बाई मी एकटी. मी गुडघ्याला हळद बांधून तांदूळ निवडत बसले होते आणि सासूबाई आत अजून गुंडाबद्दलच बोलत होत्या. मी मान वर केली नाही. "दावं हाये ना त्याच्यात? समजते तिले. मले कामं हायेत."

"हो, ते बी खरंच हाये," तो म्हणाला आणि गेला.

बादली नेली बाबूभाईनं. हा ब्रह्मपुरीचा बांगडीवाला, गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायचा आणि माल आणायला चांद्याला जायचा. देवमाणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो चांद्यापर्यंत जाणार आणि तिथं अहेरीकडे लाकडं आणायला जाणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याच्या हाती देणार. "फिकीर नको करू लटारू," तो म्हणाला, "तुझा निरोप तोंडपाठ झाला."

टोरी तीन दिवस हंबरत हिंडली. चौथ्या दिवशी गोहनात खाली मान घालून चरताना दिसली. आठवड्याभरात ती कळपाच्या मध्ये चालायला शिकली. लटारूनं मला मुद्दाम येऊन सांगितलं, "तुमी म्हणत होत्या तेच झालं बाई. सुधरली." मला माझ्या शहाणपणाचं मोठं कौतुक वाटलं.

मग पाऊस लागला. अहेरीचा रस्ता नदीनाल्यांनी तोडून टाकला, आता दसऱ्यापर्यंत तिकडचं माणूस इकडं येणार नव्हतं. लटारूनं झोपडी शाकारली, भिंती सारवल्या, पांढऱ्या मातीचा हात दिला. परसात कमळाला आवडतात म्हणून वालाचा वेल चढवला. पोळ्याला बैल सजतात, त्यानं टोरीच्या गळ्यातही झेंडूची माळ घातली. संध्याकाळी गोहन आणून सोडलं की तो टोरीला खुंट्याला बांधायचा आणि दारात बसून गाडीवाटेकडे बघत राहायचा. रस्ता बंद आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी बसायचा. मी विहिरीवरून येताना विचारायची, "काय लटारूभाऊ, आली काय?" तो म्हणायचा, "दसऱ्याले येईन." असं तो सांगायचा तेव्हा मलाही वाटायचं की येईलच. एवढी वाट पाहिल्यावर माणूस येत नाही असं कसं होईल?

दसऱ्याच्या आधी बाबूभाई आला. बायका त्याच्याभोवती बसल्या, मी हात पुढं केला. त्यानं बांगड्यांची पेटी जवळ ओढली. पेटीचं झाकण जुनं, बिजागरी गेलेली, म्हणून दोरीनं करकचून बांधलेलं. ती दोरी अंबाडीची होती, आणि तिच्या पिळात निळी चिंधी होती.

माझा हात तसाच राहिला. "बाबूभाई, हे दावं तुमच्याकडं कसं?"

त्यानं दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दोरीकडे. चांद्याच्या बस अड्ड्यावर पेटी फुटली होती, बांगड्या रस्त्यावर सांडत होत्या. हाताशी होतं ते दावं काढून त्यानं पेटी आवळली. ट्रकवाला भोंगा वाजवत होता. बादली त्याच्या हातात दिली, पत्ता सांगितला, लटारूच्या बायकोला दे म्हणाला. बाकीचा निरोप सांगेपर्यंत ट्रक निघाला. "मी म्हटलं दुसऱ्याच्या हाती दावं पाठवतो," तो म्हणाला, "आणि विसरलो. या अल्ला, विसरूनच गेलो बाई." त्यानं पेटी मिटली. त्या दिवशी त्यानं कोणाला बांगड्या भरल्या नाहीत.

म्हणजे कमळाच्या दारात चार महिन्यांपूर्वी तिची आंदणाची बादली पोचली होती. नुसती. बिनशब्दाची, बिनदाव्याची.

लटारूला सांगायला मी आणि बाबूभाई दोघं गेलो. त्यानं दावं हातात घेतलं, चिंधीवरून अंगठा फिरवला. "मले जाले पायजे," एवढंच म्हणाला. पण गायकी कसा जाणार? सव्वाशे जनावरं कोण चारणार? तेव्हा गावानं एक गोष्ट चांगली केली. जसा आठव्या दिवसाच्या दुधाचा फेरा चालायचा, तसाच फेरा लावला. रोज एका घरचा माणूस गोहन घेऊन जाईल. पहिली पाळी माझ्या नवऱ्यानं घेतली, मीच घ्यायला लावली. लटारू दावं शेल्यात बांधून निघाला.

अकराव्या दिवशी तो परत आला. मी विहिरीवर होते. लांबून मला आधी बादली दिसली, उन्हात चमकणारी. मी त्याच्या मागं बघत राहिले. मागं कोणी नव्हतं.

त्यानं जे सांगितलं ते मोजक्या शब्दांत. बादली आली त्या दिवशी कमळा दिवसभर तिच्याजवळ बसून होती. रस्ता बंद, विचारायला माणूस नाही. बाप म्हणाला, झालं ते झालं. भादव्यात त्यानं तिचा डेपोवरच्या एका विधुराबरोबर पाट लावून दिला. लटारू गेला तेव्हा ती नव्या घराच्या दारात भात पाखडत होती. त्यानं दावं पुढं केलं. तिनं ते ओळखलं. हातात घेतलं. मग विचारलं, "केवढी झाली?" लटारूनं जमिनीपासून हात वर धरून दाखवलं, एवढी. कमळा आत गेली, बादली घेऊन आली, घासूनपुसून ठेवलेली. म्हणाली, "घेऊन जा. दूध देईन तवा लागंन."

दावं तिनं ठेवून घेतलं.

लटारूनं बादली आढ्याला टांगली. पुन्हा कोणी त्याला सोयरीक सुचवली तर हसून टाळायचा. मला मात्र त्याच्याकडे वर मान करून बघता येईना. दोन अक्षरं. चार ओळींचं कार्ड लिहून बादलीच्या तळाशी ठेवलं असतं, तर दावं राहिलं काय आणि गेलं काय! गुंड तर पुढं कल्हईवाल्यानं ठोकून सरळ करून दिला. लटारूनं मला शिवी घातली असती, दारात उभं राहून चार लोकांत बोलला असता, तर मला बरं वाटलं असतं. तो मात्र रोज सकाळी गोहन सोडायला यायचा, आमच्या गाई सोडायचा, जायचा.

तीन वर्षांनी फाल्गुनातच टोरी व्याली. धुण्याच्या ढिगाजवळ उभी असताना मी ऐकलं, लटारूच्या झोपडीत बादली टण टण वाजत होती. आधीचं दूध त्यानं वासराला पोटभर पिऊ दिलं, आणि उरलं ते घेऊन निघाला. ज्या ज्या घरच्या दुधावर टोरी वाढली होती त्या प्रत्येक घरी एकेक दिवस दूध द्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. लोक म्हणाले, अरे, ते तर तुझ्या हक्काचं दूध होतं, परत कसलं करतोस? तो ऐकेना. पहिलं घर आमचं.

तो दारात उभा होता. कमळाच्या बादलीत तळाशी फेसाळ दूध. घरात दुसरं कोणी नव्हतं. तीन वर्षं मनात दाबलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "लटारूभाऊ, त्या दिवशी तुमी चिठ्ठी लिहून मागतली होती. मी देल्ली असती तं ते आज इथी राह्यली असती. माह्यामुळं झालं हे."

लटारू थोडा वेळ आठवत राहिला. खरोखरच आठवत राहिला.

"तवा तुमचा गुडघा फुटला होता ना बाई," तो म्हणाला. "लय लागलं होतं. टोरीनंच पाडलं होतं तुमाले." मग बादली उंबऱ्यावर ठेवली. "भांडं आणा लवकर. दूध थंडं होऊन राह्यलं."

मी भांडं आणायला आत गेले, आणि बराच वेळ मला बाहेर येता आलं नाही.